वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरच्या आरोग्यसल्ल्यावर किती विसंबावे?

आरोग्याच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत येतो आहे. मोबाइलवर वाचलेले, पाहिलेले किंवा कुणी पाठवलेले खरे मानावे की नाही, हा तो प्रश्न. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली त्यांपैकी काही पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. घरात कुणाला काही झाले की मी इंटरनेटवर चार ठिकाणी वाचतो, पडताळतो आणि मगच मत बनवतो. माझी सून म्हणते, ‘बाबा, तुम्ही पडताळता असं तुम्हाला नुसतं वाटतं.’ शिकलेल्या माणसालाही चांगली आणि वाईट माहिती ओळखता येत नाही काय? यावर कुणी पद्धतशीर अभ्यास केला आहे का? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : अभ्यास झालेला आहे आणि त्याचा कौल बराचसा आपल्या सूनबाईंच्या बाजूने आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुंथर आयझेनबाख आणि ख्रिस्टियान कोहलर यांनी केलेला आणि २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात आजही आधाराला घेतला जातो. त्यांनी आधी लोकांना एकत्र बसवून विचारले की, आरोग्याची माहिती विश्वासार्ह आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? माहिती कुणी दिली आहे ते पाहतो, शास्त्रीय आधार पाहतो, संकेतस्थळ व्यावसायिक वाटते का ते पाहतो, अशी उत्तरे आली. त्यानंतर १७ जणांना संगणकापुढे बसवून आरोग्याचे काही प्रश्न शोधायला दिले आणि ते प्रत्यक्षात काय करतात याचे निरीक्षण केले. ‘आमच्याविषयी’ हे पान त्यांच्यापैकी एकानेही उघडले नाही. शोधयंत्राने दिलेल्या यादीतले वरचे काही दुवे उघडून त्यांनी काम भागवले, सरासरी सहा मिनिटांच्या आत उत्तर मिळवले, आणि नंतर ‘हे कुठे वाचलेत?’ असे विचारल्यावर फारच थोड्यांना संकेतस्थळ आठवले. हे लोक खोटे बोलत नव्हते. आपण पारखून घेतो असे त्यांना मनापासून वाटत होते.

मग विश्वास बसतो कशावर? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २,६८४ लोकांना संकेतस्थळांची तुलना करायला सांगून त्यांचे शेरे तपासले, तेव्हा सुमारे ४६ टक्के शेऱ्यांत पानाच्या दिसण्याचा, म्हणजे रंग, मांडणी, अक्षरे यांचा उल्लेख होता. त्याच सुमारास आरोग्यक्षेत्रातील जाणकारांकडूनही आरोग्याची संकेतस्थळे तपासून घेण्यात आली. त्यांनी संस्थेचा लौकिक, माहितीचा उगम आणि ती देण्यामागचा हेतू पाहिला. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ सिलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीच्या टप्प्यावरील स्त्रियांना हॉर्मोनच्या उपचारांविषयी शोध घेताना पाहिले. पहिल्या काही क्षणांत त्या नुसत्या दिसण्यावरून संकेतस्थळे बाजूला टाकत, आणि उरलेल्यांपैकी जिथे आपल्यासारख्याच बाईचा अनुभव वाचायला मिळे तिथे थांबत. त्यामुळे एखाद्या चांगल्या संस्थेचे जुनाट दिसणारे पान वाचले जाण्यापूर्वीच बाद होते आणि देखण्या पानावरची जाहिरात शेवटपर्यंत वाचली जाते.

आपण शिक्षक असल्यामुळे आणखी एक अभ्यास मुद्दाम सांगतो. स्टॅनफर्डमध्येच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० जाणकार, व्यवसायाने तथ्यपडताळणी करणारे १० जण आणि २५ विद्यार्थी यांच्यापुढे बालआरोग्यावरील दोन संघटनांची पाने ठेवली. त्यांतली एक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची फार मोठी आणि जुनी संघटना होती, दुसरी जवळपास तशाच नावाची, तिच्यातून फुटून निघालेली छोटीशी. इतिहासाच्या जाणकारांनी पान वरपासून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचले, तळटीपा पाहिल्या, आणि तरीही त्यांच्यातील अनेक जण फसले. तथ्यपडताळणी करणारे मात्र पान धड वाचण्याआधीच ते सोडून बाहेर पडले आणि त्या संघटनेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते त्यांनी शोधले. पान न् पान बारकाईने वाचणे ही शाळेत आपणच मुलांना लावलेली सवय आहे आणि पुस्तकाच्या बाबतीत ती योग्यही आहे. इंटरनेटवर मात्र पान स्वतःविषयी जे सांगते त्यापेक्षा त्याच्याविषयी बाहेर काय सांगितले जाते ते अधिक महत्त्वाचे ठरते.

आपल्या ‘चार ठिकाणां’विषयीही एक शंका. आरोग्याचा मजकूर एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलला जातो. चारही ठिकाणी तेच वाक्य तशाच शब्दांत दिसले, तर साक्षीदार चार नसून एकच आहे असे समजावे.

प्रश्न : माझ्या आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी मेसेज पाठवला की साखर हे विष आहे, पण सेंद्रिय गूळ औषधी असून त्याने रक्तातली साखर वाढत नाही. तेव्हापासून आई गुळाचा चहा घेते आणि जेवणानंतर गुळाचा खडाही खाते. मी काही बोलले की म्हणते, ‘माझा सख्खा भाऊ माझं वाईट सांगंल व्हय?’ तिला कसे समजावू? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आधी गुळाचे पाहू. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान आपण बाळगावाच. पण गूळ उसाच्याच रसाचा होतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे साखरेतल्याच घटकाचा असतो. थोडे लोह आणि इतर खनिजे त्यात राहतात हे खरे आहे, परंतु त्यामुळे रक्तातील साखर वाढायची थांबत नाही. गूळ सेंद्रिय असल्यानेही यात फरक पडत नाही. आईंच्या आहारात गुळाचा खडा साखरेच्याच हिशेबात धरला पाहिजे.

आता मामांचे. आईंचे म्हणणे भाबडे आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण विश्वास नेमका याच वाटेने चालतो हे संशोधनात दिसले आहे. अमेरिकेत २०१७ साली ‘मीडिया इनसाइट प्रोजेक्ट’ने १,४८९ प्रौढांवर एक प्रयोग केला. योगायोग असा की त्यात वापरलेला लेख मधुमेहाच्या धोक्याविषयीचाच होता. काहींना तो नामांकित वृत्तसंस्थेच्या नावाने दाखवला, तर काहींना अस्तित्वातच नसलेल्या एका संकेतस्थळाच्या नावाने. आणि तो ‘शेअर’ करणारी व्यक्ती कधी वाचकाच्या विश्वासातली होती, तर कधी नव्हती. लेख कुणी लिहिला यापेक्षा तो कुणी पुढे पाठवला यावर लोकांचा विश्वास अधिक अवलंबून राहिला. परक्या माणसांच्या बाबतीत जर असे घडते, तर सख्ख्या भावाच्या बाबतीत काय घडणार?

मामा तो मजकूर पाठवणारे आहेत, लिहिणारे नाहीत, ही गोष्ट आईंच्या नजरेस आणून द्या. मेसेजच्या वर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशा अर्थाची खूण असेल, तर तो किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो. अशा मजकुराचा वेग कमी व्हावा म्हणून व्हॉट्सॲपने भारतात २०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्या पाच हातांत पहिला हात कुणाचा होता हे मामांनाही ठाऊक नाही.

ग्रुपवर सर्वांसमोर मामांना खोटे पाडू नका. त्याने मामा दुखावतील आणि आई त्यांची बाजू घेतील. मामांना स्वतंत्रपणे फोन करा, आईंचे गेल्या दोन-तीन तपासण्यांचे आकडे सांगा आणि आईंशी त्यांनीच बोलावे अशी विनंती करा. चुकीच्या माहितीची दुरुस्ती विश्वासार्ह उगमाचा आधार देऊन केली तर लोक आपले मत बदलतात, असे समाजमाध्यमांवरील प्रयोगांत आढळले आहे. इथे तर दुरुस्ती करणारा माणूस आईंच्या सर्वाधिक विश्वासातला असेल. घरी ग्लुकोमीटर असेल तर डॉक्टरांना विचारून गुळाच्या चहानंतर दोन तासांनी साखर मोजा आणि तो आकडा आईंनाच वाचू द्या.

आणि एक. अशा मेसेजच्या शेवटी एखाद्या उत्पादनाचा फोन नंबर असेल तर अधिकच सावध राहा. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीतून करणे हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

प्रश्न : मी रात्रपाळी करतो. महिनाभर डोके दुखत होते म्हणून गूगलवर शोधले, तर मेंदूतल्या गाठीविषयी वाचायला मिळाले. तेव्हापासून झोप लागत नाही. रोज रात्री तेच शोधत बसतो. (कागल)

उत्तर : मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००९ साली नेमका हाच प्रकार मोजला. साध्या डोकेदुखीचा शोध घेतला की मेंदूतल्या गाठीची पाने आणि चहा-कॉफी सुटल्याने होणाऱ्या डोकेदुखीची पाने जवळपास सारख्याच प्रमाणात समोर येत होती. प्रत्यक्षात पहिले कारण अत्यंत दुर्मीळ आहे आणि दुसरे अगदी रोजचे. शोधयंत्र पाने मोजते, रोगी मोजत नाही. त्यात भर म्हणजे माणूस घाबरून ज्या पानावर क्लिक करतो त्याच्याच दिशेने पुढचा शोध जातो.

इंटरनेटवर शोधणाऱ्या प्रत्येकाचे असे होते असे मात्र नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५,००० लोकांना काल्पनिक रुग्णांची लक्षणे देऊन शोधण्यापूर्वी आणि शोधल्यानंतर निदान विचारले. अचूकता ४९.८ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे थोडीशीच वाढली, आणि काळजीत सरासरी वाढ झाली नाही. पण ती लक्षणे दुसऱ्याची होती. स्वतःचे डोके रात्री दोन वाजता दुखत असताना शोधणे ही वेगळी गोष्ट आहे.

आपण डॉक्टरांना एकदा दाखवाच. रात्रपाळी, अपुरी झोप, चष्म्याचा नंबर आणि रक्तदाब यांची तपासणी प्रथम होईल. अचानक सुरू झालेली असह्य डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे किंवा दिसण्यात एकाएकी बदल होणे, यांपैकी काहीही असेल तर वेळ न घालवता कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. काळजीच झोपू देत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करता येतो.

प्रश्न : माझ्या थोरल्या भाऊजींना तोंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीची पायरी आहे, ऑपरेशन लवकर करा. पण भाऊजींनी यूट्यूबवर बरे झालेल्या माणसांचे व्हिडिओ पाहिले आहेत आणि ‘तीन महिने गोमूत्र, हळद आणि पथ्य करून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच की’ असे ते म्हणतात. घरातले सगळे गोंधळून गेले आहेत. (पन्हाळा तालुका)

उत्तर : या अंकातील सर्वांत निकडीचे पत्र हे आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: भाऊजींनी तीन महिने थांबू नये. आज ज्या ऑपरेशनविषयी डॉक्टर बोलत आहेत तेच तीन महिन्यांनी करता येईल याची कुणीही हमी देऊ शकत नाही. तोंडाचा कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत पसरला की ऑपरेशन मोठे होते, किरणोपचारांची गरज वाढते आणि बरे होण्याची शक्यता कमी होते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली, शरीरभर न पसरलेला कर्करोग असूनही प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रमाणित उपचार घेतलेल्या तशाच रुग्णांशी केली. पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता. हे सगळे रुग्ण बरे होण्याची संधी असलेल्या टप्प्यावर होते.

व्हिडिओंविषयी भाऊजींना एक गोष्ट सांगून पाहा. ‘मी बरा झालो’ असे सांगणारा माणूस कॅमेऱ्यासमोर येतो. तोच उपाय करून जो गेला त्याचा व्हिडिओ कुणीच टाकत नाही. शिवाय बरे झालो म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ऑपरेशन किंवा केमोथेरपीही घेतलेली असते आणि श्रेय मात्र हळदीला दिले जाते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका माजी क्रिकेटपटूने आपल्या पत्नीचा कर्करोग कडुनिंब, हळद आणि पथ्य यांनी बरा झाल्याचे सांगितले होते. तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की या दाव्यांना दर्जेदार पुरावा नाही आणि रुग्णांनी सिद्ध झालेले उपचार लांबणीवर टाकू नयेत. त्या रुग्णाचेही ऑपरेशन आणि केमोथेरपी झालेली होती.

असे व्हिडिओ लोकांना का पटतात हेही समजून घेतले पाहिजे, नाहीतर भाऊजींशी नुसता वाद होईल. अमेरिकेत समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरलेले कर्करोगावरील २०० लेख तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती आढळली, आणि चुकीच्या लेखांना बरोबर लेखांपेक्षा अधिक प्रतिसाद मिळाला होता. प्रोस्टेट कर्करोगाच्या १५० यूट्यूब व्हिडिओंच्या अभ्यासातही दर्जा कमी तसे प्रेक्षक जास्त असेच चित्र दिसले. व्हिडिओतला माणूस आपल्या भाषेत, वीस मिनिटे, न घाबरवता बोलतो आणि आशा देतो. ओपीडीत भाऊजींच्या वाट्याला काही मिनिटे येतात आणि त्यांतही ‘जबडा’, ‘टाके’, ‘नळी’ हेच शब्द कानावर पडतात. ऑपरेशननंतर आपल्याला जेवता येईल का, बोलता येईल का, तोंड कसे दिसेल, खर्च किती, शेतीचे कोण बघणार, या भीतीला त्यांना कुणी उत्तर दिले आहे का? माझी अशी खात्री आहे की पुष्कळ घरांत व्हिडिओवरचा विश्वास हा उत्तर न मिळालेल्या भीतीतून आलेला असतो.

म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून, भाऊजींना आणि ताईंना सोबत घेऊन सर्जनांकडे पुन्हा जा. त्याच ऑपरेशनमधून गेलेल्या एखाद्या रुग्णाशी भेट घालून देता येईल का, असेही त्यांना विचारा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठा. कर्करोगाचे अनेक उपचार या योजनेत बसतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर याच आठवड्यात घ्या. हळदीच्या दुधाला डॉक्टर बहुधा आडकाठी करणार नाहीत, पण कोणताही काढा किंवा चूर्ण सुरू असेल तर भूल देण्यापूर्वी ते त्यांना सांगणे आवश्यक आहे, कारण काही वनौषधींचा रक्त गोठण्यावर आणि औषधांवर परिणाम होतो.

प्रश्न : इंटरनेटवर वाचून आलो असे सांगितले की आमचे डॉक्टर चिडतात. मग सांगावे की लपवावे? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : सांगावे. या विषयावरील १८ अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा रुग्णाने वाचलेली माहिती डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्यास दोघांचे नाते सुधारू शकते असे दिसले. रुग्ण न सांगण्याचे मोठे कारण मात्र आपलेच होते: डॉक्टरांना अपमान वाटेल ही भीती. मेलबर्नमधील दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील ४०० रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण आपल्या तक्रारीविषयी इंटरनेटवर शोधून आले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला डावलला नाही.

बोलण्याची रीत तेवढी सांभाळावी. ‘मला अमुक रोग आहे, ही गोळी द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘मी असे वाचले, ते माझ्या बाबतीत लागू होते का?’ असे विचारावे, आणि आपली लक्षणे सांगून झाल्यावर विचारावे. त्यावरही डॉक्टर चिडत असतील तर दुसरे डॉक्टर शोधण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रश्न : रात्री मुलाला ताप आला की मी मोबाइलवरच्या चॅटबॉटला मराठीत विचारते. तो समजावून सांगतो आणि पुढचे प्रश्नही विचारू देतो. गूगलपेक्षा हे बरे नाही का? (इचलकरंजी)

उत्तर : समजावून सांगण्यात तो चांगला आहे हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास लवकर बसतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली मांडलेल्या अभ्यासात १,२९८ लोकांना आजारपणाचे काल्पनिक प्रसंग दिले. प्रसंग थेट चॅटबॉटला दिला तर त्याने ९४.९ टक्के वेळा संभाव्य आजार ओळखला. पण तेच चॅटबॉट वापरून माणसांनी उत्तर शोधले तेव्हा हे प्रमाण ३४.५ टक्क्यांच्याही खाली आले. नेहमीच्या पद्धतीने शोधणाऱ्यांपेक्षा चॅटबॉट वापरणारे सरस ठरले नाहीत. माणसांकडून महत्त्वाची लक्षणे सांगायची राहून गेली, आणि मिळालेल्या अनेक शक्यतांतून योग्य ती त्यांना निवडता आली नाही. घरातला अनुभवी डॉक्टर जे आपणहून विचारतो, की लघवी किती वेळा झाली, बाळ खेळते आहे का, अंगावर पुरळ आहे का, ते इथे आपल्याला आठवावे लागते.

औषधाच्या मात्रेसाठी चॅटबॉटवर मुळीच विसंबू नका. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, आणि त्याचे सिरप दुकानात वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेली बाटलीही असते आणि २५० मिलिग्रॅमचीही. लहान बाळांचे थेंब तर याहून बरेच तीव्र असतात. ‘पाच मिली द्या’ हे उत्तर एका बाटलीसाठी बरोबर आणि दुसरीसाठी दुप्पट ठरू शकते. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या सध्याच्या वजनाची मात्रा, बाटलीचे नाव आणि तीव्रता यांसह चिठ्ठीवर लिहून घ्या, ती फ्रिजवर चिकटवा आणि वजन वाढेल तशी बदलून घ्या. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, किंवा कोणत्याही वयाच्या मुलाला तापात झटका आला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली अथवा ते उठवूनही नीट जागे होत नसेल, तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.